स्टिल्ट पार्किंगचा वाद

आपल्या इमारतीचा ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने स्टिल्टमधल्या पार्किंगचे वेगळे पैसे मागितले, हे नव्या सभासदांना ठाऊक नसेल. ‘जागा माझी, गाडी लावायची तर पैसे भरा,’ एवढंच त्याचं म्हणणं. सहा जणांनी भरले. मी रीतसर पावती मागितली, बँकेतली सवय! ती मिळेना, म्हणून मी भरले नाहीत. त्यावरून सभासदांत दोन तट पडले. जिन्यात समोरासमोर आलो तरी बोलणं नाही.

तिढा सुटला तो दहिसरच्या पांचाली सोसायटीमुळे. तिथला बिल्डर शहर दिवाणी न्यायालयात हरला, उच्च न्यायालयातही हरला. शेवटी ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: १९६३ च्या मोफा कायद्यानुसार स्टिल्ट म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामाईक जागा, बिल्डरला वेगळी विकता येणार नाही.

सर्वसाधारण सभेत मीच निकाल वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. पण पैसे भरलेले शेजारी मान खाली घालून बसलेले पाहिले आणि मला टाळी वाजवणं जिवावर आलं. त्यांचे पैसे काही परत मिळाले नाहीत. तेव्हापासून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा वाटतो. यंदा माझी गाडी रस्त्यावर आहे. तक्रार नाही.