चिन्नोर, बगारा आणि टोपलीतला पाला

गेल्या पावसाळ्यात सहावीच्या वर्गाला मी एक साधा प्रश्न दिला होता. आपल्या घरी शिजणाऱ्या पालेभाज्यांची नावे लिहा. शाळा उर्दू माध्यमाची, जिल्हा चंद्रपूर. मला वाटले होते, मुले पालक, मेथी, सोया अशी पुस्तकात भेटणारी नावे लिहितील. काहींनी तशी लिहिलीही. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने उर्दू लिपीत तरोटा, धोपा, कुड्याची फुले, अंबाडी, लाखोरी आणि घोळ अशी यादी लिहिली. 'घोळ'मधल्या 'ळ'ला उर्दूत अक्षर नाही. तिने तिथे लाम लिहिला आणि पुढे गेली. तिच्या शेजारच्या मुलाने मात्र एकच ओळ लिहिली, 'आम्ही भाजी खात नाही, बिर्याणी खातो.'

मुलगा खोटे बोलत होता हे मला ठाऊक होते. त्याचा डबा मी रोज पाहते. पण तो असे का बोलला, हा प्रश्न मनातून जाईना. दुसऱ्यांनी आपल्याविषयी जे ठरवून ठेवले आहे ते आपलीच मुले अभिमानाने सांगू लागली, तर त्यांच्या घराचा खरा इतिहास सांगायचा कोणी? म्हणून हा लेख.

पुलाव-बिर्याणीचा इतिहास म्हटला की तो बादशहाच्या मुदपाकखान्यातून सुरू होतो. तिथूनच सुरू करू. अकबराच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या 'आईने अकबरी'त शाही स्वयंपाकघराचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पुलावाचे प्रकार आहेत, खुश्का म्हणजे साधा भात आहे, खिचडीही आहे. आणि वाचताना थांबावे असे एक नाव आहे, साग. पालक आणि इतर पाला मिळून दहा शेर, तूप दीड शेर, कांदा एक शेर, ओले आले अर्धा शेर, शिवाय मिरी, वेलची आणि लवंग. अकबर अनेक दिवस मांस वर्ज्य करीत असे. त्या दिवसांसाठीच्या 'सूफियाना' पदार्थांत हा साग मोडतो. म्हणजे पालेभाजी ही गरिबीची खूण आहे असे त्या दरबारालाही वाटत नव्हते.

याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या गोंड राजाचा उल्लेख येतो आणि वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात आहे. हिऱ्यांसाठी त्या गावावर अनेकांची नजर होती. हिरे संपले, राज्येही गेली. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर धान मात्र उरले.

हे धान आपोआप उगवलेले नाही. गोंड राजांच्या काळात या मुलखात तलाव खोदले गेले. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा होता. उतार ओळखायचा, पाळ घालायची, पाणी आधी कोणत्या बांधीत आणि मग कोणत्या बांधीत सोडायचे ते ठरवायचे, हे सारे ज्ञान त्यांच्याकडे होते. इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि त्यांचे नाव झाले 'माजी मालगुजारी तलाव', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. या पाण्यावर जे धान पिकत आले त्यात एक होते चिन्नोर. दाणा बारीक, भात मऊ, आणि शिजू लागला की वास गल्लीच्या टोकापर्यंत. बाहेरगावचा पाहुणा दारात उभा राहूनच सांगे, आज या घरी चिन्नोर आहे.

आमची माणसे या मुलखात एका वाटेने आली नाहीत. कोणी सैन्याबरोबर आले, कोणी दप्तराच्या कामाला. कोणी लाकडाच्या आणि तेंदूपत्त्याच्या व्यापारात आले, तर कोणी बल्लारपूरच्या कोळसाखाणींत. पण खाण्यावर सर्वांत खोल ठसा हैदराबादचा आहे, आणि त्याचे कारण नकाशातच आहे. राजुरा निजामाच्या राज्यात होते. राज्यपुनर्रचनेनंतर, १९५९ साली ते चांदा जिल्ह्याला जोडले गेले. सिरोंच्याकडचा मुलूखही १८६० च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे आला. सरहद्दी बदलल्या, पण सोयरिकी आणि चुली बदलल्या नाहीत. माझ्या आजोळी, राजुऱ्याकडे, आजही भाताला 'खाना' म्हणतात आणि फोडणीच्या भाताला 'बगारा खाना'.

बगारा ही बिर्याणीची धाकटी बहीण समजू नये. तो वेगळाच पदार्थ आहे. तेलात शहाजिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र टाकायचे. कांदा गुलाबी करायचा. आले-लसूण, हिरवी मिरची आणि मग मूठभर पुदिना व सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले. पाला तेलात चुरचुरला की पाणी, पाण्याला उकळी आली की तांदूळ. सोबत दालचा. यात मांस असलेच पाहिजे असे नाही. सुवास येतो तो तांदळाचा आणि पाल्याचा.

हैदराबादी बगारा जंगलाच्या कडेला आला आणि बदलला. इथे पुदिन्याच्या जोडीला मेथी आली, आणि हिवाळ्यात लाखोरी. लाखोरीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. धान कापणीला येते तेव्हा बांधीत ओल असते. त्या उभ्या धानातच लाखोरीचे बी फेकतात. धान निघाले की लाखोरी वर येते आणि तिचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात. एकाच बांधीतला नवा तांदूळ आणि त्याच बांधीतला पाला, एकाच महिन्यात घरात येतो. लाखोरीची डाळ सतत आणि तेवढीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. दुष्काळात ज्यांना दुसरे काहीच मिळाले नाही, त्यांच्या वाट्याला ते आले. आमच्या घरी लाखोरी असे ती भाजीपुरती, चार-सहा वेळा.

माझी नानी लाखोरीचा बगारा करी तेव्हा दोन गोष्टी सांभाळी. बिर्याणीला जुना तांदूळ लागतो, कारण तो मोकळा होतो. चिन्नोर मात्र नवाच हवा, कारण साठवणीत सुवास उडत जातो. नवा तांदूळ पाणी कमी मागतो, म्हणून ती दुप्पट पाणी कधीच घालत नसे. बोटाच्या पेराने मोजी. आणि पाला अर्धा फोडणीत, अर्धा शेवटी, भात दमावर ठेवताना. झाकणाच्या कडेला कणीक लावली की मग कोणी झाकण उघडायचे नाही, घरात कोणीही आले तरी.

अंबाडीचा नियम निराळा. ती आंबट. आंबटात तांदूळ आणि डाळ नीट शिजत नाहीत. म्हणून अंबाडी आधी वेगळी उकडायची, पाणी काढून टाकायचे, लसूण-मिरचीत परतायची आणि तयार भाताच्या दोन थरांत पसरायची. हिला मराठीत अंबाडी म्हणतात, आमच्या दखनीत अंबाडा, पलीकडच्या तेलंगणात पुंटीकूर आणि आंध्रात गोंगुरा. वनस्पतीचे जाणकार तिचे मूळ आफ्रिकेत सांगतात. जी भाजी सर्वांना आपापली देशी वाटते, ती समुद्रापलीकडून आली. कोण बाहेरचे आणि कोण इथले, याचा निवाडा करू पाहणाऱ्यांनी एकदा अंबाडीचा विचार करावा.

तांदळात पाला शिजवण्याची रीत एकट्या दख्खनची नाही. इराणात नवरोजला 'सब्जी पुलाव' करतात. त्यात कोथिंबीर, शेपू आणि मेथीही असते, सोबत मासा. मलेशिया-इंडोनेशियाकडे भात शिजताना केवड्याच्या जातीच्या एका झाडाचे पान टाकतात, त्याला पांदान म्हणतात. १९८२ साली शास्त्रज्ञांनी शोधले की सुगंधी तांदळाचा वास मुख्यतः एका रसायनामुळे येतो. दुसऱ्याच वर्षी तेच रसायन पांदानच्या पानातही सापडले. पुढे कळले की सुगंधी तांदळात एक जनुक काम करीत नाही, म्हणून हे रसायन साचते. एका उणिवेतून सुवास येतो, हे मला फार आवडले. ते रसायन उडून जाणारे आहे. नानीच्या कणकेच्या पट्टीचा अर्थ मला तेव्हा कळला.

पण या रसायनाची आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. १९९० साली 'नेचर' या नियतकालिकात रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले की वाघ आपली हद्द आखण्यासाठी झाडांवर जो फवारा मारतो, त्यातही हेच रसायन आहे. सुगंधी भाताचा वास आणि वाघाच्या हद्दीचा वास एकच.

हे वाचले तेव्हा मला आधी आठवली आमच्या दारात टोपली घेऊन येणारी गोंड बाई. तरोटा फुलावर येण्याआधीचा, अगदी कोवळा. कुड्याची कडवट फुले. धोप्याची पाने. यांतले काय उकडून पाणी फेकायचे, काय चिंच घालून शिजवायचे म्हणजे घशाला खाजणार नाही, हे आमच्या घरच्या बायांना तिने आणि तिच्या आईने शिकवले. कोणत्याही दरबारी पुस्तकात ते नव्हते. बदल्यात ती कधी पैसे घेई, कधी तांदूळ, ईदला शिरखुर्मा. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाचला, वाढला, ते चांगलेच झाले. पण वाघ उद्यानाच्या रेषेत राहत नाही, आणि जंगलात पोट भरायला जाणारी बाईही नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना वाघाने एकाच दिवशी मारले. आमच्या ताटातला रानपाला स्वस्त आहे असे आपण म्हणतो. त्याची किंमत दुसरे कोणी देत असते.

तांदळाचेही तसेच. चिन्नोर उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो, उशिरा येतो आणि उत्पन्न कमी देतो. जास्त पिकणारे वाण आले तशी त्याची जागा आकसत गेली. बाजार बारीक तांदळाचा झाला, आणि तो ज्याने दिला त्याचे नाव आमच्या मुलांना यायला हवे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ साली त्यांना आपल्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षामागून वर्ष निवडून पेरल्या. १९९० साली तळोधीच्या एका व्यापाऱ्याने ते धान विकत घेतले आणि त्या काळी प्रसिद्ध असलेल्या घड्याळावरून नाव दिले एचएमटी. पुढे हा तांदूळ अनेक राज्यांत गेला. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते दादाजींचा सन्मान झाला. ३ जून २०१८ रोजी ते वारले. आयुष्यभर हलाखी मात्र सुटली नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी दावतींत एचएमटीचा बगारा झाला. हा तांदूळ आपल्याच जिल्ह्यातल्या एका दलित शेतकऱ्याच्या नजरेतून आला, हे पंगतीत कधी कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. मीही बोलले नव्हते.

चिन्नोरही अगदीच गेलेला नाही. वैनगंगेच्याच वरच्या खोऱ्यात, बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्याकडे काही शेतकरी घरापुरता, लेकीबाळींसाठी, एखाद्या बांधीत तो लावतात. मानांकनाने भाव मिळेल. पण बी टिकते ते कोणीतरी पेरते म्हणून, आणि पेरते ते कोणीतरी शिजवते म्हणून.

आता त्या मुलाच्या ओळीकडे येते. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. मी त्याची ओळ खोडली नाही. वर्गाला पुढचा गृहपाठ दिला. आज घरी जे शिजेल त्यातला तांदूळ कुठला, पाला कोणी आणला आणि तो शिजवायला आईला कोणी शिकवले, एवढे विचारून या. दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीत चार ओळी होत्या. तांदूळ मूलच्या बाजारातला. भाजी अंबाडीची, टोपलीवाल्या आजीकडून. अम्मीला शिकवले दादीने, आणि दादीला शेजारच्या एका बाईने. त्या बाईचे नाव घरी कोणालाच आठवले नाही, असे त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते.

मी तिथे लाल शाईने फक्त एवढेच लिहिले, 'टोपलीवाल्या आजीचे नाव तरी विचारून ये.'