उस्मानिया समोर आली तर ओरडायचं कुणासाठी?

मंडळी, यंदा आमच्या घरात फुटबॉलचं वारं शिरलंय. पुतण्या बीदर विद्यापीठाच्या टीमच्या निवडीला चाललाय. अजून निवड व्हायचीय, दक्षिण विभागाचा ड्रॉ लागायचाय, तरी घरात आत्ताच दोन तट पडलेत. भांडण एवढंच की बीदरची गाठ उस्मानियाशी पडली, तर चिटगुप्प्याच्या माणसानं ओरडायचं कुणासाठी? बाहेरच्याला हसू येईल. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा, ते हसणार नाहीत.

१९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत उर्दू. पुढं शिकायचं म्हणजे हैदराबाद, आणि हैदराबाद म्हणजे उस्मानिया, १९१८ सालचं उर्दू माध्यमाचं विद्यापीठ. आमचे थोरले आजोबा तिथं शिकले. म्हातारपणीसुद्धा हिशेब उर्दूतच मांडायचे, आणि फुटबॉलचा विषय निघाला की जेवण थंड व्हायचं.

त्यांचा देव म्हणजे रहीमसाहेब. सय्यद अब्दुल रहीम, उस्मानियाचेच विद्यार्थी, पेशानं शाळामास्तर. हैदराबाद सिटी पोलीसची टीम त्यांनी घडवली. मुंबईचा रोव्हर्स कप या टीमनं १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं नेला. १९५० साली ड्युरँडही घेतला, तोही मोहन बागानला हरवून. कलकत्त्यावाल्यांना वाटायचं फुटबॉल आपल्याच अंगणात जन्मला, त्यांना दख्खनच्या पोलिसांनी पाणी पाजलं. रहीमसाहेबांची शिकवण्याची तऱ्हा मास्तराचीच. बॉल पायात घोळवत बसायचा नाही, दिला की पळायचं. ज्याचा डावा पाय कच्चा त्यानं डाव्यानंच खेळायचं, अशा खास स्पर्धा ते भरवायचे. आमच्या पुतण्याचा डावा पाय नुसता टेकायला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. वाचेल तो.

आता एक कडू गोष्टही सांगायला पायजे. १९३८ साली वंदे मातरम् म्हटलं म्हणून याच उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं. कितीतरी पोरं शिक्षण पुरं करायला नागपूरला गेली. पुढं रझाकारांचे दिवस आले, ते आपल्या भागानं कसे काढले ते वेगळं सांगायला नको. म्हणून आमचे धाकटे काका उस्मानियाचं नाव काढलं की तोंड फिरवतात. थोरल्या आजोबांचं म्हणणं वेगळं होतं: निजाम निराळा, रहीम निराळा. यावर दोघांचं कधीच पटलं नाही.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. राज्य मोडलं, आणि आपला जुना बीदर जिल्हाही तीन जागी वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. आपण हुमनाबाद, भालकी, बीदरवाले म्हैसुरात. बरोबर महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. कोच रहीमसाहेब, टीममध्ये हैदराबादकडचे नूर मोहम्मद, तुलसीदास बलराम, आणि तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे. गंमत बघा, त्याच १९५६-५७ च्या हंगामात संतोष ट्रॉफीच्या फायनलला हैदराबाद आणि मुंबईच आमनेसामने आले. हैदराबाद जिंकलं. पुढच्या वर्षी पुन्हा तीच जोडी, पुन्हा हैदराबादच. राज्य नकाशावरून गेलं होतं, फुटबॉलात नाव तेवढं शिल्लक होतं. सीमाभागातला मराठी माणूस त्या वेळी महाराष्ट्रात जायची मागणी करत होता, आणि आमचे आजोबा मुंबई हरली म्हणून पेढे वाटत होते! घरात त्यावरून काय झालं असेल ते समजून घ्या.

त्यानंतर आपली विद्यापीठं बदलत गेली. वडील धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे. १९८० ला गुलबर्गा विद्यापीठ झालं, मी तिथला. २०२३ पासून बीदर विद्यापीठ, पुतण्या त्याचा. गाव आहे तिथंच आहे.

मला खरी चुटपूट लागते ती उदगीरची. आपलीच सोयरीक, आपलीच बोली, तासा-दोन तासांचा रस्ता. पण तिथली कॉलेजं नांदेडच्या विद्यापीठाला जोडलेली, म्हणून ती पश्चिम विभागात खेळतात, राजस्थान-गुजरातच्या पोरांबरोबर. आपण दक्षिण विभागात, केरळ-तमिळनाडूबरोबर. माझा भाचा उदगीरला बी.ए. करतो, तोही खेळतो. मामा-भाच्याच्या गावांची मॅच विद्यापीठाच्या मैदानावर व्हायची तर दोन्ही विद्यापीठांनी आधी आपापल्या विभागातून वर निघून अखिल भारतीय फेरी गाठायला पायजे. केरळवाल्यांच्या तावडीतून सुटून तिथवर जाणं म्हणजे काय, ते फुटबॉल बघणाऱ्यांना ठाऊक आहे.

राहता राहिली उस्मानिया, ती मात्र आपल्याच विभागात. मला विचाराल तर तिचंच पारडं जड. तिथं पोरं लहानपणापासून बुटात खेळतात, आपल्याकडं कबड्डी आणि क्रिकेटमधून उरलेला वेळ फुटबॉलला. तरी २०२३ ला कर्नाटकानं रियाधमध्ये मेघालयाला ३-२ हरवून संतोष ट्रॉफी आणली, ती चोपन्न वर्षांनी. होतं कधी कधी. पहिली वीस मिनिटं गोल खाल्ला नाही, तर मॅच रंगेल.

मी बीदरसाठी ओरडणार, घरचं पोर आहे. धाकट्या काकांनीही येतो म्हणून सांगितलंय. पण उस्मानियाच्या कुणी डाव्या पायानं सुरेख गोल मारला, तर टाळी एक आमच्याकडूनही जाईल, थोरल्या आजोबांच्या नावची. काकांनी रागावू नये.

ज्यांच्या घरातले जुने लोक उस्मानियात शिकले किंवा खेळले, त्यांनी खाली जरूर लिहा. फोटो असतील तर टाका.