पाचगणीत कारखाना का नाही?

नववीच्या वर्गात वादविवाद ठेवला होता: पाचगणीत कारखाने यावेत की नाही? विरोधी बाजू सहज जिंकेल असं वाटलं होतं. धूर, सांडपाणी, झाडं, सगळे मुद्दे पाठ होते. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, माझा भाऊ रोज पसरणी घाट उतरून कामाला जातो. इथं काम असतं तर कशाला गेला असता?" त्याला उत्तर देणारं कुणी निघालं नाही.

उर्दूत उद्योगाला 'सनअत' म्हणतात. कारागिरीलाही तोच शब्द आणि शायरीतल्या अलंकारालाही. मराठीत मात्र "काय उद्योग करून ठेवलास!" म्हटलं की घोळ समजायचा. आपल्या भागाच्या इतिहासात दोन्ही अर्थ सापडतात.

आधी चांगला अर्थ. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना कुंडलजवळ 32 एकर माळ दिला. 1910 मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि सापांचा माळ होता तो. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटे, म्हणून पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं गेली होती. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती रखवालदारांची. ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का बसला होता, अशांना लक्ष्मणरावांनी रखवालीवर ठेवलं. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना नांगर आणि नंतर डिझेल इंजिनं बनवत होता. शेतमजुराच्या पोराला वाडवडिलांच्या कामाबाहेरचं काम मिळालं ते अशा कारखान्यांत.

पाचगणीची गोष्ट वेगळी. जॉन चेसन या इंग्रजानं 1860 च्या दशकात हे गाव वसवलं ते साहेबांच्या विश्रांतीसाठी. शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले त्यानं बाहेरून आणून बसवले. म्हणजे पाहुण्याची सेवा हाच गावाचा पहिला धंदा. नंतर निवासी शाळा आल्या, क्षयरोग्यांचं आरोग्यधाम आलं. दोन्ही आले हवेमुळेच.

आणि हवा बिघडली की काय होतं, हे पाहायला कोडाईकनाल आहे. तेही आपल्यासारखंच डोंगरावरचं गाव. अमेरिकेतला थर्मामीटरचा कारखाना 1980 च्या दशकात तिथं हलवण्यात आला. नोकऱ्या मिळाल्या, लोक खूश होते. मार्च 2001 मध्ये पारा लागलेली फुटकी काच गावातल्या भंगारवाल्याकडे सापडली आणि कारखाना बंद पडला. माजी कामगारांना भरपाईसाठी 2016 पर्यंत झगडावं लागलं. 591 जण होते ते.

योगायोग बघा. त्याच वर्षी, 17 जानेवारी 2001 रोजी, केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. आपल्याकडे तसला कारखाना येण्याचा रस्ताच बंद झाला. मी या बंदीच्या बाजूनं आहे आणि राहीन. पण तिचं बिल कोण भरतं हेही बोललं पाहिजे. घोडेवाला, टॅक्सीवाला, हॉटेलातला वेटर, सगळ्यांचं वर्ष सीझनवर चालतं. 2020 चा उन्हाळा आठवा. टाळेबंदीत रमजान आला, ईद आली, आणि टेबललँडवर चिटपाखरू नव्हतं. त्या ईदला किती घरांत शीरखुर्मा उधारीवर झाला, ते मोहल्ल्याला ठाऊक आहे. शिवाय डोंगर पोखरून हॉटेलं बांधणं हाही उद्योगच. फक्त त्याला धुरांडं नसतं, म्हणून आपण तो मोजत नाही.

तरी ती अधिसूचना नीट वाचली तर दार पूर्ण बंद नाही. इथल्याच शेतमालावर चालणारे, प्रदूषण न करणारे उद्योग तिला चालतात. मॅप्रोची सुरुवात 1959 मध्ये पाचगणीतच फळांच्या जॅमपासून झाली होती, म्हणजे अधिसूचनेच्या बेचाळीस वर्षं आधी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या मोहल्ल्यातून मात्र या धंद्याकडे वळलेला मुलगा मला अजून भेटलेला नाही. ट्रॅक्स किंवा इनोव्हा घ्यायची, एवढंच स्वप्न.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला अधिसूचनेची प्रत दाखवली. शेतमालाच्या ओळीवर बोट ठेवून त्यानं विचारलं, "सर, याचा कोर्स कुठे असतो?"