पांघरूण कोण ओढणार?

"पुण्यात सध्या कॅफेंचं पेव फुटलंय," असं परवा बोलून गेलो, तर मित्रानं विचारलं, "पेव म्हणजे काय रे?" मला धड सांगता येईना. वीकांताला शोधलं. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा. आतून कडबा-पेंढ्याचं अस्तर आणि वर माती लिंपून बंद केलेलं तोंड. खड्डा काय, कोणीही खणेल. खरी मेख ते तोंड बंद करण्यात. हे वाचता वाचता जो भरकटलो तो थेट ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत पोचलो. तर आजचा लेख धान्याच्या झाकणावर. हसू नका, विषय वाटतो तितका कोरडा नाही!

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून. 1915-16 मध्ये ऑस्ट्रेलियात गव्हाचं प्रचंड पीक आलं, पण तो न्यायला जहाजं नव्हती, सगळी युद्धात गुंतलेली. मग रेल्वे स्टेशनांशेजारी पोत्यांच्या थप्प्या रचल्या गेल्या, 'जहाजं येईपर्यंत'. जहाजांआधी उंदीर आले. 1917 ची ती उंदरांची धाड तिकडे अजून विसरलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तोच पेच. या वेळी व्हिक्टोरिया राज्यात मुर्टोआ इथे 1941-42 मध्ये अवघ्या काही महिन्यांत एक तात्पुरती शेड उभारली: 270 मीटर लांब, सुमारे 560 झाडांच्या आख्ख्या बुंध्यांवर पत्रा. ही 'तात्पुरती' शेड पुढे जवळजवळ 50 वर्षं वापरात होती. आमच्या प्रोजेक्टमध्येही एक टेंपररी स्क्रिप्ट आहे, त्यामुळे मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

अमेरिकेची अडचण उलटी, धान्य जास्त आणि खपत नाही. 1953 पासून दहा वर्षं सरकारनं जादा गहू हडसन नदीत नांगरलेल्या युद्धकाळातल्या जुन्या जहाजांत भरून ठेवला. (पीएल-480 खाली भारताशी पहिला करार झाला 1956 मध्ये. आजी-आजोबांना रेशनच्या अमेरिकन गव्हाबद्दल विचारून बघा.) पण जहाजं किती पुरणार? कापणीच्या काळात कोठारं भरली आणि रेल्वेचे डबे मिळाले नाहीत, की तिकडे सरळ उघड्यावर ढीग लावतात. आणि मग प्रश्न येतो पावसाचा.

थोडं गणित करू. 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 25 लिटर पाणी. ते वरच्या 30 सेंटिमीटर गव्हात मुरलं, तर ओलावा 12 टक्क्यांवरून 20 च्या वर जातो. बुरशीला आणखी काय हवं? म्हणून ताडपत्री. आता 60 मीटर व्यासाचा ढीग धरा. गहू साधारण 25 अंशांच्या उतारावर स्थिरावतो, म्हणजे उंची 14 मीटर आणि वजन सुमारे 10 हजार टन. त्यावरच्या कापडाचं वजन, चौरस मीटरला 600 ग्रॅम धरलं तरी, जवळजवळ 2 टन. हे पांघरूण घसरत्या उतारावर, वारा सुटलेला असताना, माणसांनी ओढायचं!

यावरचा उपाय म्हणजे विंच. विहिरीवरचा रहाट आठवा, त्याला मोटर आणि उलटं फिरू न देणारा ब्रेक लावा. ढिगाच्या मधोमध मनोरा उभा करतात, कापडाचं टोक मनोऱ्याभोवतीच्या कड्याला बांधतात. धान्य मनोऱ्यातून आत पडतं आणि ढीग वाढेल तसं विंच कापड वर खेचतं. म्हणजे भरणं आणि झाकणं एकाच वेळी. पंखे ढिगातली हवा ओढून घेतात, त्यामुळे कापड धान्याला चिकटून बसतं आणि वाऱ्यानं उडत नाही. गंमत म्हणजे ताकद फारशी लागत नाही. सगळं कापड 14 मीटर वर गेलं असं धरलं, तरी घर्षण सोडून घरच्या 500 वॉटच्या मिक्सरएवढी मोटर ते 10 मिनिटांत उचलेल. विंचची खरी कमाई वेगळीच: ऐन पावसात माणसाला ढिगावर चढावं लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय अन्न महामंडळाची (स्थापना 1965) उघड्यावरची पद्धत म्हणजे 'कॅप', कव्हर अँड प्लिंथ. उंच जोतं, त्यावर लाकडी क्रेट, त्यावर पोत्यांची सुमारे 150 टनांची थप्पी, वर पाव मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक आणि दोरखंड. म्हणजे 10 हजार टनांसाठी 65-70 थप्प्या आणि तितकीच पांघरुणं. बरं, ती एकदा घालून चालत नाही. आत वाफ धरते, म्हणून स्वच्छ उन्हात उचलायची आणि आभाळ भरून आलं की धावत बंद करायची. सगळं हातानं. तिकडे माणसं कमी आणि महाग, म्हणून यंत्र आलं. इकडे हमाल होते, म्हणून कोणी तसा विचारच केला नाही. 2012 च्या जूनमध्ये सरकारी साठा 8 कोटी टनांवर गेला होता आणि बराच गहू असाच उघड्यावर होता. त्याआधी 2010 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सुनावलं होतं, धान्य सडू देण्यापेक्षा भुकेल्यांना वाटा.

विंच बसवलं असतं तर सगळं वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पोत्यांच्या थप्पीला ते लागूही पडत नाही. पण तात्पुरती सोय करताना आपण जागा मोजतो, टन मोजतो, प्लास्टिकची जाडीसुद्धा मोजतो. रात्री दोन वाजता वीज कडाडली तर 70 पांघरुणं किती वेळात आणि कोण बंद करणार, हे मात्र कागदावर येत नाही. कोणीतरी करेलच, असं धरलेलं असतं.

असो. आमच्या त्या टेंपररी स्क्रिप्टचं पांघरूण रात्री दोन वाजता कोण ओढतं, हे मला माहीत आहे. बिचारा नाइट शिफ्टचा पोरगा. सोमवारी आधी त्याच्याशी बोलणार आहे.