विंडोजची दोन घराणी

२०००च्या सुमाराची गोष्ट. मी शाळेत इतिहास शिकवायचो. एकदा निकालपत्रकं भरताना संगणक मध्येच गोठला आणि दुपारभराचं काम गेलं. शेजारी मदतीला बसलेल्या मुलावर मी सगळ्यांदेखत ओरडलो, "काय दाबलंस रे?" तो गप्प राहिला. पुन्हा काही त्या खोलीत आला नाही.

ते मनाला लागून राहिलं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा या यंत्रांचा इतिहास वाचू लागलो.

त्या काळी विंडोजची दोन घराणी होती. एक घरगुती : विंडोज ९५, ९८ आणि २००० साली आलेली एमई. पाया जुन्या डॉसचा. जुने प्रोग्रॅम आणि खेळ चालले पाहिजेत, आणि ९५ तर ४ एमबी मेमरीतही भागवायची, अशा अटी. म्हणून प्रणालीच्या स्वतःच्या मेमरीचा काही भाग सगळ्या प्रोग्रॅमना उघडा राहिला. एकाने तिथे चुकून ढवळाढवळ केली की सगळंच कोसळे. एप्रिल १९९८मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स मंचावर असताना स्कॅनर जोडला आणि विंडोज ९८चा निळा पडदा सगळ्यांनी पाहिला!

आणखी एक गंमत. ९५ आणि ९८मधला मिलिसेकंद मोजणारा आकडा ४९.७ दिवसांनी भरून जाई आणि तोवर सलग चालू असलेला संगणक अडके. ९५ची ही चूक उघडकीला यायला १९९९ उजाडलं. इतके दिवस सलग संगणक चालवतो कोण?

दुसरं घराणं एनटीचं. डेव्ह कटलर १९८८ साली मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि १९९३ला पहिली एनटी बाजारात आली. इथे प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी, प्रणालीचा गाभा बंदिस्त. एक प्रोग्रॅम मेला तरी बाकीचे चालू. सदोष ड्रायव्हर मात्र तिलाही पाडू शके. पण तिला निदान १२ एमबी मेमरी लागे, आणि मेमरी तेव्हा महाग. ऑक्टोबर २००१मध्ये एक्सपी आली तेव्हा कुठे हा पाया घरगुती संगणकांना मिळाला. म्हणजे मजबूत घर बांधून तयार होतं, सामान्य माणसाला तिथे राहायला जायला आठ वर्षं लागली.

वर्गात मी नेहमी सांगायचो, पुरावा पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका. त्या दुपारी मी स्वतः तेच केलं. बोट मुलाचं दिसलं, पायाकडे पाहण्याचं सुचलंही नाही.

तो आता चाळिशीत असेल. कधी भेटलाच, तर आधी हे सांगायचं आहे.