परळचा बंगला आणि प्लेगची वंशावळ

मुंबईत परळला कधी गेलात, तर टाटा आणि के. ई. एम. या रुग्णालयांच्या शेजारी एक जुनी भव्य वास्तू दिसेल. एके काळी तिथं मुंबईचे गव्हर्नर राहत. १८९९ साली त्या बंगल्यात प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून तिला हाफकिन संस्था म्हणतात.

प्रयोगशाळा तिथं का आली, हे तुमच्या गावातल्या वडीलधाऱ्यांच्या कानांवर असेलच. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. गिरण्यांतले कामकरी बोचकी बांधून कोकणात, घाटावर पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. मागं राहिलेल्यांची घरं उघडी पाडली, अंथरुणं-पांघरुणं जाळली. अशा वेळी ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

पण हा रोग मुंबईत आला कुठून? हाँगकाँगला १८९४ मध्ये साथ होती, तेव्हा तो जहाजांतून आला, असं पुष्कळांचं मत. काहींचं बोट कुमाऊँ-गढवालकडे, कारण तिथं ‘महामारी’ पूर्वीपासून ठाऊक होती. चाळीतल्या घाणीतच तो उपजला, असं म्हणणारेही होते. गरिबाच्या दारात दोष टाकायला पुरावा लागतो कुठं?

पुरावा मिळाला तो शंभराहून अधिक वर्षांनी, आणि त्याची रीत आपल्या ओळखीची आहे. एका पोथीच्या चार नकला समोर आहेत असं समजा. त्यांतल्या दोन नकलांत एकाच जागी तीच चूक आहे. दोन लेखकूंनी वेगवेगळं बसून नेमकी तीच चूक केली म्हणायचं, की दोघांनी एकाच चुकलेल्या प्रतीवरून उतरवलं? दुसरं मानणं सोपं, त्यात एकदाच चूक धरावी लागते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्यांची कुळं पाठभेदांवरूनच लावली गेली.

जिवाणूची पोथी म्हणजे त्याचा डीएनए. अक्षरं फक्त चार. प्लेगच्या जिवाणूत ती सुमारे ४६ लाख आहेत. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना क्वचित एखादं अक्षर बदलतं. ज्या वंशवृक्षात कमीत कमी बदल धरावे लागतात, तो पत्करायचा, हा काटकसरीचा नियम. बदल मोजण्याची सुटसुटीत रीत वॉल्टर फिच यांनी १९७१ मध्ये दिली. तुम्ही म्हणाल, मग हातानं का करू नये? चार नमुन्यांचे वृक्ष तीनच होतात. पण दहा नमुन्यांचे होतात २०,२७,०२५! म्हणून हे काम संगणकाकडे गेलं.

काटकसर कधी फसवतेही. दोन लेखकू खरोखरच तीच चूक करू शकतात. जो फेल्सेनस्टाइन यांनी १९७८ मध्येच हा धोका दाखवून दिला. प्लेगचा जिवाणू मात्र फार सावकाश बदलतो, म्हणून त्याच्या बाबतीत हा नियम चांगला चालतो.

२०१० मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी जगभरचे २८६ नमुने घेतले, ९३३ जागांची अक्षरं ताडून पाहिली आणि काटकसरीचा वृक्ष मांडला. मूळ निघालं चीनमध्ये किंवा त्याच्या आसपास. १८९४ नंतर जगभर पसरलेले नमुने एकाच फांदीच्या डहाळ्या ठरले. म्हणजे हाँगकाँगकडून येणाऱ्या समुद्रवाटेला बळ मिळालं आणि चाळ सुटली. घाणीनं उंदीर वाढले हे खरं. पण जिवाणू तिथं जन्मला नव्हता. कोणतं जहाज, कोणत्या गोदीतला उंदीर, हे मात्र वृक्ष सांगत नाही.

शिक्षकबंधूंनी हे वर्गात करून पाहावं. धड्यातला एक उतारा घ्या. एका मुलाची नक्कल दुसऱ्यानं, दुसऱ्याची तिसऱ्यानं आणि पहिल्याचीच पुन्हा चौथ्यानं उतरवावी. मग नावं झाकून चारही कागद मिसळा आणि कोणी कोणाचं पाहून लिहिलं, ते केवळ चुकांवरून इतर मुलांना शोधू द्या.