महर्षि विठ्ठल रामजी शिंदे

करवीरच्या समाजसुधारणेंत शाहू छत्रपतींचें नांव प्रथम येतें. १९१९ सालीं त्यांनीं सार्वजनिक विहिरी, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे केले. परंतु राजाच्या हातीं हुकूम असतो, धर्मोपदेशकाच्या हातीं केवळ सेवा. अशा एका सेवकाचें स्मरण आम्ही येथें करितों.

विठ्ठल रामजी शिंदे २३ एप्रिल १८७३ रोजीं जमखिंडी येथें जन्मले. ऑक्सफर्डला धर्माध्ययन करून १९०३ सालीं परतल्यावर ते मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. नुसता उपदेश अपुरा जाणून त्यांनीं १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापिली. अस्पृश्यांच्या मुलांसाठीं शाळा व वसतिगृहें काढिलीं. भगिनी जनाक्का यांनींही या कामास वाहून घेतलें. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमधील अस्पृश्यतानिवारणाच्या ठरावामागें त्यांची खटपट होती.

पुढें अस्पृश्यांच्या पुढाऱ्यांनीं आपलें नेतृत्व आपणच करण्याचा आग्रह धरिला. तो न्याय्यच होता. शिंदे मंडळीच्या कारभारांतून निवृत्त झाले, पण प्रश्न त्यांनीं सोडिला नाहीं. १९३३ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. २ जानेवारी १९४४ रोजीं ते निवर्तले.

महोत्सवप्रसंगीं आम्हीं आपणांसच विचारावें: प्रभूच्या मेजापाशीं आमच्यांत जातीची रेघ उरली आहे काय?